पट्टी हिरवी असेपर्यंत

बिरू झोरेने आपल्या मुलीला, मनालीला, दुधाच्या टेम्पोतून तारवडीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणलं तेव्हा सकाळची ओपीडी संपत आली होती. घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालणं हा बिरूचा धंदा. सहा वर्षांची पोर त्याच्या खांद्यावर मान टाकून पडली होती आणि त्याच्या शर्टाच्या पाठीवर उलटीचा ओघळ होता. मागून तिची आई सोनाबाई अनवाणीच धावत आली.

डॉ. शलाका गवांदे ही तारवडीतली एकुलती एक बालरोगतज्ज्ञ. आजारी मूल दारातून आत येता येता निम्मं कळतं, असं तिच्या सरांनी तिला शिकवलं होतं. लगेच हात लावायचा नाही, आधी नुसतं बघायचं. मूल आपल्याकडे बघतंय का, श्वासासाठी झगडतंय का, अंगाचा रंग कसा आहे. मनाली कोणाकडेच बघत नव्हती. ओठ पांढुरके होते, हातपाय गार. शलाकाने तिच्या छातीवर अंगठा दाबून उचलला, तर दाबलेल्या जागी रंग परतायला फार वेळ लागला. आणि नाडी मंद होती. उलट्यांनी सुकलेल्या पोराची नाडी धावते. हिची चालत होती, तीही अडखळत.

काय खाल्लं, असं तिने विचारलं. बाहेरचं काहीच नाही, सोनाबाई म्हणाली. सकाळी भाकरी-दूध, मग अंगणात खेळत होती. कशाशी खेळत होती, असं शलाकाने पुन्हा विचारल्यावर ती थबकली. बिट्ट्यांनी, म्हणाली. घराच्या कुंपणाला पिवळ्या कण्हेरीचं झाड होतं, पोरं त्याच्या टणक बिया खेळायला गोळा करायची. आज मनालीने दगडाने त्या फोडल्या होत्या आणि आतला गर खाल्ला होता.

बिट्टीचं विष हृदयावर जातं. हृदयाचे ठोके ज्या विजेच्या इशाऱ्यावर पडतात, तो इशाराच ते गोंधळवून टाकतं. हृदयाला जखम होत नाही, ते कुजत नाही. विष शरीरातून निघून जाईपर्यंत फक्त बंद पडतं. त्यावर उतारा आहे. तो इथे नव्हता. शलाकाने नाडी वाढवायचं इंजेक्शन दिलं, छातीवर चकत्या लावून बाहेरून विजेचे हलके ठोके देऊन पाहिले, आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला उतारा मागणारा निरोप पाठवला. निरोप गेल्यावर थोड्याच वेळात पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली आणि मग सपाट झाली.

सिस्टर शाहीन मुजावर छाती दाबू लागल्या. शलाकाने घशात नळी घातली, हाताने श्वासाची पिशवी दाबायला सुरुवात केली आणि मोकळ्या हाताने मनालीच्या कपाळावर पट्टी चिकटवली. थोडा वेळ पट्टी काळी राहिली. मग तिच्या मध्यभागी हिरवा ठिपका उजळला.

या पट्टीला सरकारी कागदांत मोठं नाव होतं, पण सगळे तिला हिरवी पट्टीच म्हणत. अंधारात तळव्यामागे टॉर्च धरली की बोटं लालसर दिसतात, कारण प्रकाश मांसातून थोडा पार जातो. त्याहून तांबडा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीच्या हाडातूनही पार जातो. पट्टी तोच प्रकाश आत सोडते आणि परत आलेला वाचते. मेंदूच्या प्रत्येक पेशीत बारीक भट्ट्या असतात. त्या प्राणवायू जाळत असतील तर त्यांच्यातल्या एका प्रथिनाची छटा एक असते. विझल्या की दुसरी. ती छटा पट्टीला दिसते. हिरवा ठिपका म्हणजे हृदय थांबलेलं असलं तरी मेंदू जिवंत आहे, बाहेरून दाबलेल्या रक्तावर जगतोय. पिवळा म्हणजे दाब कमी पडतोय. काळा म्हणजे भट्ट्या विझल्या.

पट्टी येण्याआधी डॉक्टर अर्धा-पाऊण तास प्रयत्न करत आणि अंदाजाने थांबत. पट्टीने तो अंदाज किती मुलांच्या बाबतीत चुकीचा होता ते दाखवून दिलं. शहरातल्या बालहृदय केंद्रात डॉ. अनिरुद्ध केळुसकरांनी तिच्यावर अनेक वर्षं काम केलं होतं, आणि शलाका तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकत होती. जिथे पूर्वी चादर ओढली असती, तिथे हिरवा ठिपका बघून त्यांनी दाबणं चालू ठेवलं, मुलाला हृदय-फुफ्फुसाचं काम बाहेरून करणाऱ्या यंत्रावर घेतलं, आणि अशी मुलं पुढे घरी चालत गेली. मग राज्यभर नियम झाला: पट्टी हिरवी असेपर्यंत थांबायचं नाही. पट्टी लहान, हलकी. प्रत्येक तालुक्याला तीन-तीन पोचल्या. यंत्रं मात्र शहरातच राहिली.

नियंत्रण कक्षातून फोन आला तेव्हा दाबायची पाळी शलाकाची होती. शाहीन सिस्टरनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी नम्र होती. यंत्राची फिरती गाडी आहे, म्हणाली, पण तारवडीला यायला तिला तीन तास लागतील, आणि हृदय थांबल्यापासून तासाभरात पोचता येत नसेल तर गाडी निघत नाही, असा नियम आहे. शलाकाने सांगितलं की दुसरा नियम मला थांबू देत नाही. ते बरोबर आहे, मुलगी म्हणाली, थांबू नका. मग गाडी पाठवा. ते शक्य नाही, मॅडम. उतारा तरी पाठवा. उतारा केंद्राच्या औषधखान्यात आहे, त्याला केळुसकर सरांची मंजुरी लागते. आणि ड्रोनने फक्त रक्त आणि सर्पदंशाची लस जाते. यादीत नसलेलं औषध ड्रोन उचलत नाही.

शलाकाने दाबता दाबता हे सगळं ऐकलं. तिच्या कपाळावरचा घाम मनालीच्या फ्रॉकवर टपकत होता. दोन्ही नियम तिला तोंडपाठ होते, पण ते एकाच खोलीत असे समोरासमोर कधी आले नव्हते.

तिने केळुसकरांना फोन लावायला सांगितलं. ते शस्त्रक्रियेत होते. निरोप ठेवला. पुन्हा लावला.

त्याच वेळी बाहेर कोणी तरी बाळ घेऊन आलं. दारातूनच त्याचं कण्हणं ऐकू आलं, प्रत्येक उच्छ्वासाला एक बारीक हुंकार. शलाकाला न बघताही कळलं की हे बाळ श्वास धरून ठेवण्यासाठी झगडतंय आणि फार वेळ झगडू शकणार नाही. तिने पिशवी दाबायला वॉर्डातल्या परिचारिकेला उभं केलं, मनालीची छाती शाहीन सिस्टरकडे सोपवली आणि बाहेर गेली. सात-आठ महिन्यांचं बाळ होतं, न्यूमोनियाने बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तिने त्याला श्वासाला दाबाचा आधार देणाऱ्या बुडबुड्यांच्या यंत्राच्या नळीवर घेतलं, शीर शोधली, अँटिबायोटिक दिलं. शीर सापडायला वेळ लागला. आतून सिस्टरांच्या मोजण्याचा आवाज येत होता आणि तो हळूहळू थकत चालला होता.

ती परत आली तेव्हा ठिपका पिवळा झाला होता आणि सिस्टरांच्या जागी बिरू उभा होता.

शाहीन सिस्टरांचा हात गळून गेला होता. त्यांनी कोणाला बोलावलं नव्हतं. बिरूच पुढे होऊन म्हणाला होता की मला दाखवा. आता त्या त्याच्या मागे उभ्या राहून त्याचे हात बरोबर जागी ठेवत होत्या. बापाने आपल्याच पोरीची छाती दाबावी हे शलाकाला बघवेना. तिने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो बाजूला झाला नाही. सिस्टर त्याला म्हणाल्या, अजून खोल, भिऊ नका, आणि दाबलं की पूर्ण वर येऊ द्या. त्याने दाबलं. बरगडीतून कट्ट असा आवाज आला आणि तो दचकून थांबला.

"मोडली का?" त्याने विचारलं.

"मोडू दे," शलाका म्हणाली. "बरगडी जुळते. थांबू नका."

काही दाबांनंतर ठिपका पुन्हा हिरवा झाला. बिरूला ते दिसलं. त्यानंतर त्याने पोरीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. नजर फक्त ठिपक्यावर. हात ढिले पडले की ठिपका पिवळसर व्हायचा आणि तो स्वतःच जोर वाढवायचा. जे शिकवायला शलाकाला एरवी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी लागे, ते ठिपका त्याला त्या क्षणी शिकवत होता.

केळुसकरांचा फोन आला तेव्हा तास उलटून गेला होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की उताऱ्याच्या कुप्या माझ्याकडे दोनच आहेत, त्या इथल्या रुग्णांसाठी राखलेल्या आहेत. आणि पाठवायच्या म्हटल्या तरी रस्त्याने संध्याकाळ होईल. इतका वेळ हाताने कोणी टिकत नाही. त्यांनी आवाज खाली आणला.

"शलाका, थांब आता. नियमाची जबाबदारी माझ्यावर टाक. तो नियम मी यंत्र असलेल्या जागांसाठी मागितला होता."

"कागदावर तसं लिहिलेलं नाही, सर."

"मला माहीत आहे काय लिहिलंय."

"मेंदू जिवंत आहे. विष उतरलं की हृदय चालू होईल, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे."

"होऊ शकतं. पण तिथे नाही."

शलाकाला संताप आला. त्यांचं म्हणणं खोटं असतं तर भांडता आलं असतं. ती म्हणाली की मग हे तुम्हीच तिच्या वडिलांना सांगा, ते ऐकतायत. केळुसकरांनी सांगितलं. सांगण्याची त्यांना सवय होती. आवाजात खरा कळवळा होता. तुमच्या मुलीसाठी डॉक्टरांनी जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं आहे, आता तिला त्रास देण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले.

बिरूने दाबणं थांबवलं नाही. त्याला धाप लागली होती, म्हणून तो तुकड्या-तुकड्याने बोलला.

"मग सायेब, ह्यो दिवा कशाचा?"

दाबण्याचा, पिशवीचा, बाहेरच्या बाळाच्या नळीतल्या बुडबुड्यांचा आवाज तेवढा चालू होता. थोड्या वेळाने फोन बंद झाला.

बिरू थकल्यावर सोनाबाईने हात लावले. तिच्यानंतर रुग्णवाहिकेचा चालक, मग डेअरीवरून बिरूला शोधत आलेले दोघं टेम्पोवाले. शाहीन सिस्टर प्रत्येकाचे हात छातीवर ठेवून द्यायच्या आणि ठिपक्याकडे बोट दाखवायच्या. खोलीत दुधाचा आणि घामाचा वास भरला. शलाका पडदा, नळ्या, औषधं आणि बाहेरचं बाळ यांच्यामध्ये फिरत राहिली. संध्याकाळपर्यंत माणसं कमी पडणार नाहीत, हे तिला आता दिसत होतं. पण संध्याकाळी तरी काय येणार होतं? आपण ही माणसं कशाला राबवतोय, असं एकदा मनात आलं आणि तिने रेघेकडे पाहिलं. रेघ सपाटच होती.

मग फोनवर निरोप आला. तारवडीसाठी ड्रोन निघाला आहे. माल: सर्पदंशाची लस.

तिने तो दोनदा वाचला. तारवडीने आज लस मागवली नव्हती. मग तिच्या लक्षात आलं. दोन्ही औषधं एकाच पद्धतीने बनतात: जनावराला विष थोडं थोडं टोचायचं, त्याच्या रक्तात विषाला पकडणारे रेणू तयार होतात, ते वेगळे काढायचे. सापाच्या लशीसाठी घोडे वापरतात, हृदयाच्या या उताऱ्यासाठी मेंढ्या. नियमांचा एकेक शब्द तोलणाऱ्या केळुसकरांनी ड्रोनने उचलाव्यात म्हणून उताऱ्याच्या कुप्यांवरचं नाव बदललं होतं.

तिने बिरूला सांगितलं की औषध निघालंय, मेंढीच्या रक्तापासून करतात. त्याच्या वडिलांचा मेंढ्यांचा कळप होता. तो म्हणाला, कुठल्या मेंढ्या? शलाकाला माहीत नव्हतं. तो पुन्हा आपल्या पाळीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

ड्रोन वेळेवर आला आणि उतरेना. एसटी स्टँडमागच्या त्याच्या ठरलेल्या गोलावर कुठल्याशा सत्काराचा मांडव घातलेला होता. खाली जागा मोकळी नाही असं यंत्राने ठरवलं, मांडवावर दोन घिरट्या घातल्या आणि ते परत शहराकडे वळायच्या तयारीत आलं. रुग्णवाहिकेच्या चालकाने हे फोनवर ओरडून सांगितलं. शलाकाने नियंत्रण कक्षाला फोन केला. तिथे त्यांनी तिला थांबायला सांगितलं आणि संगीत लावलं. शेवटी टेम्पोवाल्यांनी मांडवाच्या दोऱ्या कापल्या. कापड खाली बसलं, दोघं-तिघं ते ओढत बाजूला पळाले आणि ड्रोन उतरला. त्या मांडवाची तक्रार नंतर तिच्याच नावावर आली.

उतारा शिरेत गेल्यावरही काही झालं नाही. पाळ्या बदलत राहिल्या. मग एका पाळीच्या मधल्या विश्रांतीत रेघेवर एक टेकडी उमटली. बराच वेळ काही नाही. मग दुसरी. शाहीन सिस्टरांनी जांघेत बोटं ठेवली आणि दाबणाऱ्याला डोळ्यांनीच थांबवलं. त्याला ते कळलं नाही, तो दाबतच राहिला. त्याचे हात धरून बाजूला करावे लागले. नाडी हाताला लागत होती.

मनाली शहरात गेली आणि काही आठवड्यांनी घरी आली. बरगड्या जुळल्या होत्या. कधी कधी तिला नेमका शब्द आठवत नाही, असं सोनाबाई सांगायची. पण आठवेपर्यंत ती हट्टाने गप्प बसते, आणि मग म्हणतेच.

इथे गोष्ट संपली असती तर शलाकाला बरं वाटलं असतं.

घाटातल्या पोरीला गावाने दाबून जिवंत केलं, ही बातमी सगळीकडे गेली. त्यानंतर कुठल्याही तालुक्यात पट्टी हिरवी झाली की बाप पुढे व्हायचा. फरक इतकाच की त्या मुलांच्या अंगात उतरून जाणारं विष नव्हतं. कोणाला मेंदूज्वर होता, कोणाच्या हृदयाचा स्नायूच सुजला होता, कोणी ट्रकखाली आलं होतं. त्यांना यंत्र हवं होतं आणि गाडी येत नव्हती. एका गावात माणसांनी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एका मुलाची छाती दाबली आणि मग ठिपका त्यांच्या डोळ्यांसमोर विझला. दुसरीकडे हात थकून थांबलेल्या तरुण डॉक्टरला जमावाने मारलं. शलाकाने हे ऐकलं तेव्हा तिने केळुसकरांना लिहिलं की फिरत्या गाड्या वाढवा, निदान उतारे तालुक्याला ठेवा, तासाची अट काढा. तीन पत्रांना उत्तर आलं नाही. मग परिपत्रक आलं: ज्या रुग्णालयात हृदय-फुफ्फुसाचं यंत्र नाही, तिथल्या पट्ट्या परत घेण्यात येत आहेत. खाली पट्टीचे नियम ठरवणाऱ्या समितीच्या सह्या होत्या. पहिली केळुसकरांची.

तिने त्यांना घरी फोन केला.

"तुम्ही यंत्र पाठवत नाही म्हणून पट्टी काढून घेता?"

"यंत्र पाठवणं माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "पट्टी काढून घेणं आहे."

"म्हणजे पुन्हा अंदाज."

"हो. पुन्हा अंदाज. पूर्वी बाप घरी जाताना डॉक्टरने प्रयत्न केले एवढं घेऊन जायचा. आता तो काय घेऊन जातो? माझा हात थांबला म्हणून पोर गेलं. मी अशा अकरा बापांशी बोललोय, शलाका. तू एका बापाशी बोललीस."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. खोटं लेबल लावून कुप्या पाठवणारे तुम्हीच ना, असंही म्हणायचं होतं. पण अकरा हा आकडा आडवा आला. ती एवढंच म्हणाली की मुलं तीच मरतील, फक्त आपल्याला कळणार नाही. केळुसकर म्हणाले, "कळून काय करतेस?" त्यांना खरंच उत्तर हवं होतं, असं तिला नंतर वाटलं. तेव्हा तिने फोन ठेवून दिला. पुढे कित्येक महिने ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पट्ट्या न्यायला माणूस आला तेव्हा शलाकाने दोन दिल्या आणि तिसरी फाटून फेकली गेली असं सांगितलं. शाहीन सिस्टर शेजारीच सुया मोजत होत्या. माणूस गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की कपाटात दमट होतं, फ्रिजच्या वर ठेवते.

शलाकाने ती ठेवली खरी, पण तिला त्या पट्टीची भीती वाटू लागली. आता ती वापरायची की नाही हे कुठला नियम ठरवणार नव्हता. मध्यंतरी दोन मुलं हृदय थांबलेल्या अवस्थेत आली आणि दोन्ही वेळा पट्टीचा विचार मनात येण्याआधीच नाडी परत आली. तिला देवाचे आभार मानावेसे वाटले, आणि ते कशाबद्दल हे स्वतःला विचारायचं तिने टाळलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका भर दुपारी रखमाई शिंगाडे नावाची बाई मोटारसायकलवर मागे बसून आली. मांडीवर चार वर्षांचा मुलगा, ओलाचिंब. शेजाऱ्याच्या शेततळ्यात पडला होता. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यावरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. किती वेळ पाण्यात होता ते कोणालाच माहीत नव्हतं. चप्पल तरंगताना दिसली म्हणून कळलं.

त्यांनी सगळं केलं. शलाकाने नळी घातली, सिस्टरांनी दाबायला घेतलं, औषधं गेली, ओले कपडे कापून काढले, अंग पुसून गरम केलं. रेघ सपाट. बाई भिंतीला टेकून उभी होती, रडत नव्हती. शलाकाने दाबायची पाळी घेतली आणि तिने वर पाहिलं तेव्हा शाहीन सिस्टर पट्टी हातात घेऊन उभ्या होत्या.

"नको," शलाका म्हणाली.

सिस्टर हलल्या नाहीत. शलाका दाबत राहिली. ठिपका हिरवा निघाला तर? यावर उतारा नाही. गाडी येणार नाही. हिरवा निघाला तर ही बाई तो बघेल, आणि मग तिला भिंतीपासून इथे यावं लागेल, या छातीवर हात ठेवावे लागतील, दिवेलागणीपर्यंत. न लावली तर अर्ध्या तासाने आपण थांबू आणि सांगू. पूर्वी सगळे सांगायचे तसं. केळुसकर यालाच घाबरले होते, आणि आता तीही त्याच जागी येऊन उभी होती.

"लावा," ती म्हणाली.

पट्टी काळी होती. त्यांनी वाट पाहिली. शलाकाने दाब आणखी खोल केला, सिस्टरांनी पट्टी काढून पुन्हा पुसून लावली, दुसऱ्या बाजूला लावली. काळीच. आतल्या भट्ट्या केव्हाच विझल्या होत्या. बहुधा मोटारसायकल निघण्याआधीच. शलाकाला एकदम हलकं वाटलं. हात, खांदे, मान, सगळं सैल झालं. आणि दुसऱ्याच क्षणी त्या हलकेपणाचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. समोर मेलेलं पोर होतं आणि आपली सुटका झाली म्हणून तिला बरं वाटत होतं. आपल्याला इथे आणून सोडणाऱ्या सगळ्यांना, नियमवाल्यांना, गाडीवाल्यांना, समितीला, तिने मनात शिव्या घातल्या. मग हात थांबवले.

ती रखमाईपाशी गेली आणि सांगितलं. बाईने तिच्याकडे न बघता मुलाच्या कपाळाकडे पाहिलं.

"नक्की?" तिने विचारलं.

या जागी उभं राहून शलाकाने हे वाक्य आयुष्यात किती तरी वेळा सांगितलं होतं, आणि हा प्रश्न आला की दर वेळी ती नजर चुकवत आली होती. आज तिने चुकवली नाही.

"नक्की. तुम्ही आणलंत त्याच्या आधीच तो गेला होता. इथे, शहरात, कुठेही काही झालं नसतं."

"मी जरा आधी बघाया पायजे हुतं."

"त्याचं मला सांगता येणार नाही," शलाका म्हणाली. "हे सांगता येतं."

रखमाईने मान हलवली. मग पुढे आली, मुलाच्या कपाळावरची पट्टी हळूच, केस ओढले जाऊ नयेत अशी सोडवली आणि शलाकाच्या हातात दिली. नंतर तिने टेबलाखालचे कापलेले ओले कपडे उचलले, मोरीपाशी नेऊन पिळले, झटकले, आणि सिस्टरांना विचारलं की हे कुठे वाळत घालू.

त्या संध्याकाळी शलाकाने केळुसकरांना फोन केला. पट्टी फाटली नव्हती, माझ्याकडे आहे, आज वापरली, असं सांगितलं. कोणासाठी आणि काय झालं तेही सांगितलं. ते म्हणाले की त्या बाईने काय प्रश्न विचारला ते पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं.

"मला हे लिहून पाठव," ते म्हणाले. "समितीपुढे ठेवायला लागेल. पट्टी तुझ्याकडे होती हे त्यात येईल, आणि कारवाई होईल."

"होऊ दे," शलाका म्हणाली आणि लिहायला बसली.

लिहिलेलं समितीपुढे गेलं. तिला खुलासा विचारण्यात आला, तिचं पदोन्नतीचं प्रकरण एक वर्ष थांबलं, आणि तिसरी पट्टीही परत गेली. पट्ट्या पुन्हा तालुक्यांना देण्याच्या प्रस्तावावर विचार चालू आहे, असं केळुसकर दर महिन्याला कळवतात. तारवडीत मुलं येतात. शलाका दारातूनच त्यांच्याकडे बघते, हात लावते, लागलं तर दाबायला घेते, आणि थांबायची वेळ आली की शाहीन सिस्टरांकडे बघते. त्या तिच्याकडे बघतात. दोघींनाही काही माहीत नसतं.

"अजून थोडं," त्यांच्यापैकी एक जण म्हणते.